वजन उतरवण्याच्या औषधांचा तुलनात्मक तक्ता

जिल्हा परिषदेच्या लेखा विभागात नोकरी केलेल्या माणसाला तुलनात्मक तक्ता नवा नसतो. दरपत्रके मागवायची, प्रत्येकाचा दर, अटी आणि मुदत शेजारी शेजारी मांडायची आणि खाली शेरा लिहायचा, हे काम मी साताऱ्यात वर्षानुवर्षे करत आले आहे. २०२५ च्या पावसाळ्यात आमच्या मधुमेहतज्ज्ञांनी वजन उतरवण्याच्या औषधांचा विषय काढला आणि "ताई, घरी जाऊन नीट विचार करा, घाई काही नाही," असे सांगितले, तेव्हा मी वही आडवी धरून रकाने आखले ते याच सवयीने.

माझी उंची १५६ सेंटिमीटर, वजन तेव्हा ८४ किलो, म्हणजे बीएमआय, उंचीच्या मानाने वजन सांगणारा आकडा, साडेचौतीसच्या आसपास. तीन महिन्यांची सरासरी साखर सांगणारी एचबीए१सी ही तपासणी ६.२ वर, म्हणजे मधुमेहाच्या उंबरठ्यावर. सोनोग्राफीत यकृतावर चरबी, रक्तदाबाची एक गोळी आणि मंद थायरॉइडसाठी थायरॉक्सिनची एक गोळी अनेक वर्षांपासून चालू. डॉ. जगन्नाथ दीक्षित यांची दोन वेळा जेवणाची पद्धत आमच्या कार्यालयात अनेकांनी धरली होती, मीही धरली होती. तिच्यामुळे वजन उतरले, पण गुडघा दुखू लागून चालणे बंद पडले आणि ते हळूहळू पुन्हा चढले.

औषधासाठी मी पात्र आहे का, हा पहिला प्रश्न. या औषधांच्या माहितीपत्रकात बीएमआय ३० किंवा त्याहून अधिक, अथवा २७ पासून पुढे आणि सोबत वजनाशी निगडित एखादा आजार, अशी अट असते. भारतीयांसाठी मात्र लठ्ठपणाची रेषा २५ वरच धरावी असे आपल्याकडील तज्ज्ञ सांगतात आणि त्यामागचे कारण पुण्याशी जोडलेले आहे. केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि इंग्लंडमधील डॉ. जॉन युडकिन या दोघांचा बीएमआय नेमका सारखा, २२.३, पण मोजणी केल्यावर युडकिन यांच्या शरीरात ९.१ टक्के चरबी निघाली आणि याज्ञिकांच्या शरीरात २१.२ टक्के. दोघांचे शेजारी शेजारी काढलेले छायाचित्र २००४ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये छापून आले. डॉक्टरांनी ते मला दाखवले आणि कंबरेवर टेप लावला. स्त्रियांसाठी ८० सेंटिमीटरची मर्यादा आहे. माझी कंबर १०२ भरली. पात्रतेचा प्रश्न तिथेच मिटला.

औषधांची नावे सांगण्याआधी त्यांनी या क्षेत्राचा इतिहास सांगितला, ते मला आवडले. वजनाच्या गोळ्यांनी यापूर्वी लोकांना बरेच पोळलेले आहे. फेनफ्लुरामिन १९९७ मध्ये हृदयाच्या झडपा बिघडवल्यामुळे बाजारातून गेले. रिमोनाबँटमुळे नैराश्य आणि आत्महत्येचे विचार वाढलेले आढळले. सिबुट्रामिन आपल्याकडे सर्रास विकले जात होते. हृदयविकाराचा झटका आणि पक्षाघात यांचा धोका वाढतो असे दिसल्यावर २०११ मध्ये भारतात त्यावर बंदी आली. म्हणूनच नव्या औषधाबद्दल "किती किलो उतरतात" याआधी "हृदयाचे काय" हे विचारायचे. सेमाग्लुटाइड या नव्या औषधाबाबत या प्रश्नाचे उत्तर २०२३ मध्ये मिळाले: हृदयविकार असलेल्या, पण मधुमेह नसलेल्या सुमारे साडेसतरा हजार लोकांवरील चाचणीत हृदयविकाराचा झटका, पक्षाघात किंवा हृदयविकाराने मृत्यू यांचे एकत्रित प्रमाण २० टक्क्यांनी घटले. वजनाच्या औषधाच्या बाजूने असा पुरावा येण्याची ही पहिलीच वेळ.

तक्त्यातील पहिली ओळ मेटफॉर्मिनची होती आणि ती लवकर संपली. हे मधुमेहाचे औषध; स्वस्त, जुने, माहितीचे. वजन त्याने दोन-तीन किलो उतरते, पण वजनासाठी म्हणून त्याला मान्यता नाही. साखरेच्या उंबरठ्यावर असल्यामुळे ते मला अन्यथाही दिले गेले असते, तेव्हा स्पर्धेत न धरता ते बाजूला ठेवले.

दुसरी ओळ ऑर्लिस्टॅटची. हे औषध मेंदूवर किंवा भुकेवर काहीच करत नाही. आतड्यात चरबी पचवणारे लायपेज हे विकर अडवते, त्यामुळे खाल्लेल्या चरबीपैकी साधारण ३० टक्के चरबी न पचता बाहेर पडते. १२० मिलिग्रॅमची कॅप्सूल दिवसातून तीनदा, जेवणासोबत. स्वीडनमध्ये चार वर्षे चाललेल्या चाचणीत औषध घेणाऱ्यांचे वजन ५.८ किलो उतरले आणि औषध नसलेली दिखाऊ गोळी घेणाऱ्यांचे ३ किलो. मधुमेह होण्याचे प्रमाणही ३७ टक्क्यांनी घटले. किंमत परवडणारी, सुरक्षितता ठाऊक असलेली. अडचण अशी की न पचलेली चरबी तेलकट शौचाच्या रूपाने आणि कधी कधी पूर्वसूचना न देता बाहेर येते. दिवसभर कार्यालयात बसणाऱ्या आणि महिन्यातून दोनदा पंचायत समित्यांच्या तपासणीला जीपने जाणाऱ्या बाईसाठी हा दुष्परिणाम क्षुल्लक नाही, मग माहितीपत्रकात तो कितीही सौम्य भाषेत लिहिलेला असो. शिवाय अ, ड, ई आणि के ही चरबीत विरघळणारी जीवनसत्त्वे नीट शोषली जात नाहीत, म्हणून रात्री वेगळी गोळी घ्यावी लागते, आणि थायरॉक्सिन व ऑर्लिस्टॅट यांच्यात किमान चार तासांचे अंतर ठेवावे लागते.

थायरॉक्सिनची ही गोळी पुढेही आडवी आली. सेमाग्लुटाइड गोळीच्या रूपात 'रायबेल्सस' या नावाने भारतात २०२२ पासून मिळते आणि सुई नको म्हणून माझा ओढा सुरुवातीला तिच्याकडेच होता. मात्र ती सकाळी रिकाम्या पोटी, जास्तीत जास्त १२० मिलिलिटर म्हणजे अर्ध्या पेल्याइतक्या पाण्याबरोबर घ्यायची आणि त्यानंतर अर्धा तास अन्न, चहा किंवा दुसरी कोणतीही गोळी घ्यायची नाही. थायरॉक्सिनलाही रिकामेच पोट हवे आणि त्यानंतर चहापूर्वी अर्धा-पाऊण तास. मी साडेपाचला उठते, नळाला पाणी त्याच वेळी येते. दोन्ही गोळ्यांची वेळ पाळायची तर पहिला चहा सातच्या आसपास जाणार. शिवाय या गोळीमुळे थायरॉक्सिनचे रक्तातील प्रमाण सुमारे एक तृतीयांशाने वाढते, म्हणजे टीएसएच ही थायरॉइडची रक्ततपासणी पुन्हा पुन्हा करत राहणे आले. सर्वांत महत्त्वाचे, आपल्याकडे या गोळीला मान्यता मधुमेहासाठी आहे आणि मला मधुमेह नव्हता. डॉक्टरांनी ती लिहून देण्यास स्पष्ट नकार दिला.

लिराग्लुटाइड या इंजेक्शनवर मी बराच वेळ घालवला, कारण आकडे मोहात पाडणारे होते. मूळ इंजेक्शन महाग, पण २०२४ च्या सुरुवातीला एका भारतीय कंपनीने त्याची समरूप आवृत्ती बाजारात आणली आणि १.२ मिलिग्रॅमच्या रोजच्या डोसाचा खर्च शंभर रुपयांच्या आसपास आला. वजनासाठी मात्र डोस ३ मिलिग्रॅम लागतो, म्हणजे रोजचे अडीचशे, महिन्याचे साडेसात हजार. ५६ आठवड्यांच्या चाचणीत त्या डोसाने सरासरी ८ टक्के वजन उतरले होते आणि औषधाविना २.६ टक्के. इंजेक्शन रोज टोचायचे. आणि इथेही मान्यता मधुमेहासाठीची होती. सर्वांत कमी दराच्या निविदेला अटी पूर्ण नसल्यामुळे बाजूला सारावे लागते, तसे या ओळीचे झाले.

उरली आठवड्यातून एकदा घ्यायची दोन इंजेक्शने: सेमाग्लुटाइडचे 'वेगोव्ही' आणि टिर्झेपॅटाइडचे 'माउंजारो'. दुसरे भारतात मार्च २०२५ मध्ये आले, पहिले जून २०२५ मध्ये. जेवणानंतर आतड्यातून स्रवणाऱ्या जीएलपी-१ या संप्रेरकाची नक्कल दोन्ही करतात. पोट सावकाश रिकामे होते आणि मेंदूला पोट भरल्याचा निरोप लवकर व ठळक मिळतो. टिर्झेपॅटाइड त्यासोबत जीआयपी या दुसऱ्या संप्रेरकाचेही काम करते. सेमाग्लुटाइडच्या २.४ मिलिग्रॅम डोसाने ६८ आठवड्यांत सरासरी १४.९ टक्के वजन उतरले. टिर्झेपॅटाइडच्या चाचणीत ७२ आठवड्यांत ५ मिलिग्रॅमला १५ टक्के, १० ला १९.५ आणि १५ ला २०.९ टक्के. वेगवेगळ्या चाचण्यांचे आकडे असे शेजारी मांडणे लेखापरीक्षणात बसत नाही, हे मला ठाऊक होते. सुदैवाने २०२५ च्या मे महिन्यात दोघांची समोरासमोर तुलना करणारी चाचणी प्रसिद्ध झाली होती: मधुमेह नसलेले ७५१ लोक, ७२ आठवडे, टिर्झेपॅटाइड २०.२ टक्के आणि सेमाग्लुटाइड १३.७ टक्के. त्यात दोन्ही औषधे सोसेल तितक्या वरच्या डोसापर्यंत नेली होती, हे मात्र लक्षात ठेवायला हवे. आमचा मुलगा हा निबंध इंग्रजीतून वाचून दाखवत म्हणाला, "आई, निकाल लागला की मग." मला तसे वाटले नाही.

तसे न वाटण्याचे कारण याच औषधांच्या पुढच्या अभ्यासांत होते. सेमाग्लुटाइड थांबवलेल्या लोकांचा पाठपुरावा केला तेव्हा एका वर्षात उतरलेल्या वजनापैकी दोन तृतीयांश वजन परत आले होते. टिर्झेपॅटाइड मध्येच थांबवून पाहणाऱ्या चाचणीतही वजन चढलेच. ही औषधे रक्तदाबाच्या गोळीसारखी आहेत, घेत असेपर्यंत काम करतात. म्हणून माझ्या तक्त्यात टक्क्यांचा रकाना मी शेवटी नेला आणि पहिला रकाना केला तो "तीन वर्षे चालवता येईल का" हा. एकदा हा रकाना पुढे आल्यावर वर्षाचा खर्च, फ्रिज, सुई, पोटाचा त्रास आणि कार्यालयाची वेळ यांना अचानक पूर्ण गुण मिळू लागले.

ऑगस्ट २०२५ मधील हिशेब असा होता. वेगोव्हीच्या पहिल्या तीन पायऱ्यांपैकी कोणताही डोस महिन्याला, म्हणजे चार आठवड्यांना, १७,३४५ रुपयांना, १.७ मिलिग्रॅम २४,२८० ला आणि पूर्ण डोस २६,०१५ ला. पूर्ण डोसावर वर्षभर, म्हणजे असे तेरा महिने, राहिल्यास ३,३८,१९५ रुपये. माउंजारोची २.५ मिलिग्रॅमची कुपी ३,५०० रुपयांची, ५ ची ४,३७५ ची. ५ वरच थांबल्यास ५२ आठवड्यांचे २,२७,५००. म्हणजे जवळपास सारख्याच परिणामासाठी लाखभर रुपयांचा फरक. वैद्यकीय प्रतिपूर्तीची आशा मी धरलीच नव्हती. आमच्या ह्यांनी तक्ता पाहिला आणि एवढेच विचारले, "पाचवर थांबता येईल, हे नक्की का?" तो प्रश्न योग्य होता. डॉक्टर म्हणाले, नक्की कोणीच सांगू शकत नाही, पण ज्या डोसावर वजन उतरते आहे त्याच्या पुढे जाण्याची सक्ती नाही.

दरम्यान नातेवाइकांत बातमी पसरली आणि "थायरॉइड असलेल्यांनी हे इंजेक्शन घ्यायचेच नसते" असे मला तीन-चार जणींनी बजावले. इशारा खरा आहे, पण तो माझ्यासारख्यांसाठी नाही. उंदरांवरील प्रयोगांत थायरॉइडमधील विशिष्ट पेशींच्या गाठी आढळल्यामुळे स्वतःला किंवा घरात कुणाला मेड्युलरी प्रकारचा थायरॉइडचा कर्करोग झाला असेल, अथवा मेन-२ हा आनुवंशिक विकार असेल, तर ही औषधे देत नाहीत. थायरॉइड मंद असणे आणि त्यासाठी गोळी चालू असणे ही वेगळी गोष्ट. स्वादुपिंडाला पूर्वी सूज आली होती का, हे विचारले गेले. पित्ताशयात खडे नाहीत ना, हे सोनोग्राफीच्या अहवालात पुन्हा पाहिले, कारण वजन वेगाने उतरताना खडे होण्याचा संभव वाढतो आणि माझ्या आईला तो त्रास होता. माझ्यासोबत बाहेर बसलेल्या एका तरुण मुलीला डॉक्टरांनी दोन गोष्टी निक्षून सांगितल्याचे तिने मला नंतर सांगितले: गर्भधारणेचा विचार असेल तर औषध आधीच थांबवायचे, आणि टिर्झेपॅटाइड सुरू करताना व प्रत्येक वेळी डोस वाढवताना चार आठवडे गर्भनिरोधक गोळीवर विसंबायचे नाही.

शहरातील एका स्लिमिंग सेंटरनेही "आमच्याकडे तेच इंजेक्शन पॅकेजमध्ये" असे सांगितले होते. कुपी पाहायला मिळेल का, बॅच क्रमांकासह बिल मिळेल का, असे विचारल्यावर तिथली बोलणी थंडावली. बनावट सेमाग्लुटाइडबद्दल जागतिक आरोग्य संघटनेने २०२४ मध्ये इशारा दिलेला आहे. माझ्या मते बिल न देणाऱ्याकडून सुई घेण्याचा प्रश्नच उद्भवत नाही.

अखेर शेरा टिर्झेपॅटाइडच्या बाजूने पडला, तोही २.५ ने सुरुवात आणि ५ वर थांबण्याच्या बेताने. आमचे मेडिकलवाले काका कुपी साठ्यात ठेवत नाहीत. पैसे भरल्यावर मागवतात आणि थर्माकोलच्या डब्यात जेल पॅकसह देतात. औषध २ ते ८ अंशांत ठेवायचे, गोठू द्यायचे नाही. फ्रिजच्या दारात तापमान सारखे बदलते आणि फ्रीझरखाली गोठण्याची भीती, म्हणून मधल्या फळीवर, दह्याच्या सटामागे, एका स्टीलच्या डब्यात जागा केली. वीज गेली तर काय, या चिंतेवर माहितीपत्रकातच उत्तर होते: ३० अंशांपर्यंत २१ दिवस चालते. साताऱ्याच्या मे महिन्यात मात्र त्या ३० अंशांचा भरवसा नाही.

कुपीतून औषध काढणे नर्सने शिकवले. रबरी बूच स्पिरिटने पुसायचे, एक मिलिलिटरच्या इन्सुलिन सिरिंजमध्ये आधी तितकीच हवा घेऊन ती कुपीत सोडायची, कुपी उलटी धरून ५० च्या खुणेपर्यंत, म्हणजे अर्धा मिलिलिटर औषध ओढायचे, टिचकी मारून बुडबुडे वर आणायचे. बेंबीपासून दोन बोटे दूर कातडीची चिमूट धरायची आणि सुई सरळ घालायची. सुई इतकी बारीक असते की टोचण्यापेक्षा स्पिरिटचा गारवाच अधिक जाणवतो. जागा दर आठवड्याला बदलायची. वार मी गुरुवार ठरवला, कारण मळमळ आलीच तर ती शुक्रवारी-शनिवारी येते आणि शनिवारी कार्यालय बंद असते.

मळमळ आली, पण सोसण्यासारखी. अधिक त्रास दिला तो कुजक्या वासाच्या ढेकरांनी आणि बद्धकोष्ठाने. एकादशीची साबुदाण्याची खिचडी रात्रीपर्यंत पोटात दगडासारखी बसून राहिली, तेव्हापासून उपवासाला ताक, राजगिरा आणि मूठभर शेंगदाणे एवढेच ठेवले. हळदीकुंकवाला आणि लग्नाच्या पंगतीत आग्रह करणाऱ्यांना "डॉक्टरांनी मनाई केली आहे" हे वाक्य पुरते; भूक नाही म्हटले तर कुणालाच पटत नाही. गंमत अशी की भूक खरोखरच नसते. दुपारी चार वाजता कॅन्टीनमधून भजी आली की हात आपोआप पुढे जायचा, ते बंद झाले, आणि त्यासाठी मनाशी झगडावे लागले नाही.

भूक नसण्याचा तोटाही आहे आणि त्याकडे आपल्याकडे दुर्लक्ष होते असे मला वाटते. या औषधांनी उतरणाऱ्या वजनात पावपट ते चाळीस टक्क्यांपर्यंत हिस्सा चरबीव्यतिरिक्त ऊतींचा असू शकतो आणि त्यात स्नायूही आले. अर्धी भाकरी आणि दोन चमचे भाजी खाऊन उठणाऱ्या शाकाहारी बाईला प्रथिने मिळणार कुठून? आहारतज्ज्ञांनी ताटाचा क्रमच बदलला: आधी मटकीची किंवा मुगाची उसळ, घट्ट वरण किंवा पनीर, नंतर भाजी आणि पोट शिल्लक राहिले तर भाकरी. सोबत गुडघ्याला झेपतील असे रबरी पट्ट्याचे व्यायाम.

संक्रांतीच्या सुमारास वजन ७५ किलोवर आले, एचबीए१सी ५.६ झाली आणि रक्तदाबाची गोळी निम्मी झाली. डोस ५ वरच आहे. मधल्या काळात तक्ता मात्र बदलत राहिला. सप्टेंबरमध्ये औषधांवरील जीएसटी १२ वरून ५ टक्क्यांवर आला; नोव्हेंबरमध्ये वेगोव्हीच्या किमती उतरल्या, सुरुवातीचा डोस महिन्याला १०,८५० आणि पूर्ण डोस १६,४०० झाला; वर्षाच्या खर्चात दोन्ही औषधे जवळपास एका रेषेत आली. सेमाग्लुटाइडच्या पेटंटची भारतातील मुदत मार्च २०२६ पर्यंतची आणि त्यासाठी अनेक भारतीय कंपन्यांची तयारी असल्याचे काकांनी सांगितले.

"मग स्वस्त झाल्यावर बदलायचे का?" असे मी डॉक्टरांना विचारले. त्यांचे म्हणणे असे की टिर्झेपॅटाइडच्या ५ मिलिग्रॅमला सेमाग्लुटाइडचा अमुक डोस समकक्ष, असे ठरलेले कोष्टक नाही. बदल केला तर खालच्या डोसापासून पुन्हा चढावे लागेल, पोटाचा त्रास नव्याने होऊ शकतो आणि त्या काळात एक-दोन किलो परत येण्याची तयारी ठेवावी लागेल. महिन्याची बचत त्याला पुरून उरते का, हे नव्या किमती हातात आल्यावर पाहायचे ठरले आहे. एप्रिलमधील तपासणीत साखर, यकृताच्या चाचण्या आणि टीएसएच एकत्र होतील. वजन घटल्यावर थायरॉक्सिनचा डोसही कमी करावा लागू शकतो, हे त्यांनी चिठ्ठीवर आताच लिहून दिले आहे.